कुत्रे उघड्या जमिनीवर का निजते?

वैशाखातील दुपारी लोणंदच्या परिसरातील कोणत्याही वस्तीवर गेले असता एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. घरधन्याने पडवीच्या कोपऱ्यात पोते दुमडून कुत्र्यासाठी जागा केलेली असते, आणि कुत्रे मात्र त्या पोत्याकडे पाठ करून पाण्याच्या रांजणाखालच्या ओलसर मातीत पाय पसरून पडलेले असते. त्यास उचलून पोत्यावर आणले तर ते क्षणभर धन्याचा मान राखते. धनी वळताच पुन्हा रांजणापाशी जाते. ‘कुत्र्याला सुख सोसत नाही’ असे म्हणून घरातील माणसे हसतात, आणि नळीत घातलेल्या शेपटाची म्हण कोणीतरी ऐकवितो.

ही थट्टा कुत्र्यावर अन्याय करणारी आहे. निजण्याच्या जागेच्या बाबतीत कुत्र्याइतका चोखंदळ प्राणी गोठ्यात वा अंगणात दुसरा नसेल. ऊन, वारा, जमिनीची ओल, धन्याचा वावर, कळपाचे ठिकाण आणि स्वतःच्या शरीराची अवस्था या साऱ्यांचा हिशेब त्याच्या निवडीत असतो. ज्या शेतकऱ्यास किंवा मेंढपाळास हा हिशेब वाचता येतो, त्यास कुत्र्याच्या आजाराची वार्ता इतरांच्या आधी मिळते. तो आजार पिसाळण्याचा असला, तर एकदोन दिवस आधी मिळालेल्या या वार्तेवर घरातील माणसांचे प्राण अवलंबून असतात. म्हणून हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही, आणि ग्रामसेवकांनी तो वस्तीवस्तीवर समजावून सांगण्यासारखा आहे.

खंडाळा तालुक्यातील लोणंद हे नीरा नदीच्या दक्षिणेस, पुणे-मिरज लोहमार्गावर वसलेले बाजाराचे गाव. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते ती येथेच मुक्कामास थांबते. येथील कांद्याचा बाजार आणि शेळ्यामेंढ्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहेत. प्रदेश पर्जन्यछायेतील, कालव्याचे पाणी पोहोचते तेथे बागायत, आणि त्यापलीकडे माळ व मुरमाड टेकड्या. अशा मुलखात मेंढपाळीचा व्यवसाय जुना आहे व त्याबरोबर कुत्राही. खंडोबाचे भक्त असलेल्या धनगर समाजात कुत्र्यास मान आहे; जेजुरीच्या देवाच्या परिवारात कुत्रा आहेच. वस्तीची राखण करणारे, मेंढ्यांच्या कळपाबरोबर हिंडणारे आणि पेठेत मोकाट फिरणारे अशी तिन्ही प्रकारची कुत्री लोणंदच्या बाजारतळावर एकाच दिवशी पाहावयास मिळतात. तिघांच्याही निजण्याच्या जागा वेगळ्या, पण त्यांमागील कारणे पुष्कळशी समान आहेत.

प्रथम उष्णतेचा विचार केला पाहिजे. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. म्हणजे माणसाच्या तापमानाहून एकदोन अंशांनी अधिक. उन्हाळ्यात या भागातील हवा ४० अंशांच्या आसपास तापते, तेव्हा शरीरातील उष्णता हवेत टाकून देणे जवळजवळ अशक्य होते. माणसास सर्वांगास घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याच्या अंगास ही सोय नाही. उपयोगी पडतील अशा घामाच्या ग्रंथी त्यास केवळ पायांच्या तळव्यांशी आहेत, आणि तेवढ्याने त्याचे भागत नाही. म्हणून ते तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकते. स्वस्थ बसलेले कुत्रे मिनिटास १० ते ३० वेळा श्वास घेते. उन्हात तोच आकडा दोनशेतीनशेच्या घरात जातो. हे श्वास उथळ असतात. त्यांचा हेतू नाक, जीभ व तोंड यांच्या ओल्या पृष्ठभागांवरून वारा खेळविणे हा असतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते, आणि ती कुत्र्याच्या रक्तातून घेतली जाते.

परंतु या उपायास मर्यादा आहेत. धापा टाकण्यासाठी अंगात पाणी हवे, स्नायूंना श्रम पडतात, आणि श्रमाने पुन्हा थोडी उष्णता निर्माण होते. तेव्हा कुत्रे दुसरा, बिनखर्चाचा मार्ग धरते. ते आपले पोट थंड जमिनीस टेकविते. पोटावर व जांघेत केस विरळ असतात, कातडी पातळ असते. तेथून अंगातील उष्णता सरळ जमिनीत उतरते. मागचे पाय बेडकाप्रमाणे मागे पसरून पालथे पडलेले कुत्रे पाहून मुलांना गंमत वाटते. पण त्या पद्धतीने अंगाचा जास्तीत जास्त विरळ केसांचा भाग जमिनीस लागतो, हे लक्षात घ्यावे.

पोत्याचा दोष नेमका येथेच आहे. गोणपाट, कडबा, घोंगडी या वस्तूंच्या तंतूंमध्ये हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. थंडीत माणूस घोंगडी पांघरतो तो याच गुणासाठी. शहाबादी फरशी, दगडी पायरी किंवा सारवलेली जमीन यांतून उष्णता कितीतरी पटींनी लवकर वाहून जाते. त्यामुळे वैशाखात पोत्यावर निजणे म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने उन्हाळ्यात घोंगडी पांघरण्यासारखेच होय. मातीची जमीन फरशीहूनही त्यास अनेकदा अधिक पसंत पडते, कारण ती उकरता येते. वरचा थर तापलेला असला तरी चारपाच बोटे खाली माती बरीच थंड लागते. वीतभर खोलीवर तर दिवसाच्या व रात्रीच्या तापमानात फारच थोडा फरक राहतो. कुत्रे पंजांनी खळगा करते ते त्या थंड थरापर्यंत पोहोचण्यासाठी. रांजणाखाली, मोरीच्या सांडपाण्याजवळ, झाडाच्या बुंध्याशी, उभ्या बैलगाडीच्या किंवा ट्रॉलीच्या सावलीत असे खळगे आढळतात. कांदाचाळ जमिनीपासून उचलून बांधलेली असेल तर तिच्या खाली सावलीही असते व वाराही वाहतो. म्हणून चाळ असलेल्या बहुतेक वस्त्यांवर कुत्र्याचा दुपारचा मुक्काम तेथेच असतो.

यातूनच शेतकऱ्याचे एक नुकसान होते. खरीप कांद्याचे रोप मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर टाकतात. नुकतेच पाणी दिलेला, भुसभुशीत मातीचा तो वाफा त्या दिवसांत साऱ्या वस्तीवरील सर्वांत थंड जागा असतो. कुत्रे तेथे जाऊन पडते आणि घटकाभरात हातभर रोप झोपते. शेतकरी चिडून काठी उचलतो. काठीने कुत्रे त्या वेळेपुरते पळते. धनी जेवावयास बसला की परत येते, कारण त्यास पळविणाऱ्या काठीपेक्षा त्यास बोलाविणारी उष्णता मोठी असते. याहून सोपा उपाय असा, की वाफ्यापासून दूर, झाडाच्या सावलीत दोन हात लांब व दोन हात रुंद जागा उकरून तेथे नदीची वाळू किंवा मऊ माती घालावी आणि सकाळी व दुपारी तीवर तांब्याभर पाणी शिंपडावे. शेजारी दगडी डोणीत वा मातीच्या परळात पिण्याचे पाणी ठेवावे. ही जागा एकदा अंगवळणी पडली की कुत्रे वाफ्याकडे सहसा फिरकत नाही. वाफ्याभोवती बोरी-बाभळीचे काटे लावणे हा जुना उपायही चांगला आहे. पण नुसते काटे लावून थंड जागा न दिल्यास ते शेजाऱ्याच्या वाफ्यात जाऊन निजेल, आणि मग तंटा दोन घरांचा होतो.

सर्वच जमीन थंड असते असे मात्र नाही. उन्हातील डांबरी रस्ता, पत्रा आणि सिमेंटचा उघडा कोबा दुपारी इतके तापतात की पायाचे तळवे भाजतात. आपल्या हाताची मागील बाजू जेथे क्षणभर टेकवत नाही, तेथे कुत्र्यास साखळीने बांधून ठेवणे हा निर्दयपणा आहे. मोकळे कुत्रे आपली सावली शोधून घेते. बांधलेले कुत्रे सूर्य कलला तरी जागा बदलू शकत नाही, आणि उष्माघात होतो तो बहुधा अशाच कुत्र्यास. धापा टाकणे थांबत नाही, लाळ घट्ट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल अडखळते. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या पुढे गेले की जीव धोक्यात येतो. अशा वेळी त्यास तत्काळ सावलीत न्यावे, पोटावर, जांघेत व पायांवर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि ते शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे. ओले पोते अंगावर टाकून तसेच ठेवू नये. त्याखाली उष्णता कोंडते. मग विनाविलंब पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

पौषात हेच कुत्रे दुसऱ्याच रीतीने वागते. माळावरची रात्र गार असते. कुत्रे अंगाचे वेटोळे करते, पाय पोटाशी घेते आणि नाक शेपटीखाली खुपसते. त्यामुळे हवेस उघडा राहणारा शरीराचा भाग कमी होतो व विरळ केसांचे पोट झाकले जाते. उन्हाळ्यात नाकारलेले पोते ते आता आपण होऊन शोधते. चुलीजवळची राख, भट्टीची कड, उकिरडा या जागा त्यास आवडू लागतात. उकिरड्यावर निजणाऱ्या कुत्र्यास लोक हीन समजतात. पण कुजणाऱ्या शेणखतात भरपूर उष्णता निर्माण होते, चांगल्या रचलेल्या ढिगाच्या आत तर ती ६० अंशांपर्यंत जाते, आणि त्या ढिगाची ऊब कुत्र्यास बाहेरूनही मिळते. राखेत निजणाऱ्या कुत्र्याचे केस मात्र पुष्कळदा जळतात व पायांस चटके बसतात, म्हणून रात्री चुलीतील निखारे झाकून ठेवावेत. पावसाळ्यात त्यास ओल नको असते. तेव्हा ओट्यावर किंवा विटांवर फळी टाकून केलेली कोरडी जागा द्यावी. सारांश, जागा ऋतूप्रमाणे बदलून द्यावयाची, आणि निवड कुत्र्यावर सोडावयाची.

हे झाले शरीराचे कारण. दुसरे कारण राखणीचे, आणि ते मेंढपाळाच्या कुत्र्यात सर्वांत स्पष्ट दिसते. कापणी झालेल्या रानात मेंढ्या बसविण्याची पद्धत या भागात आहे. मेंढ्यांच्या लेंड्यांनी व मुताने शेतास खत मिळते आणि त्याबद्दल शेतकरी मेंढपाळास धान्य किंवा पैसे देतो. रात्री जाळीची वाघर लावून तिच्या आत कळप कोंडतात. बिऱ्हाडाच्या घोंगड्या एका बाजूस पडलेल्या असतात, कोकरे वेगळी झाकलेली असतात. कुत्र्यास घोंगडीशेजारी ऊब मिळण्यासारखी असते. तरीही ते तेथे निजत नाही. वाघरीच्या बाहेर, जिकडे मोकळे रान आहे त्या अंगास, शक्य तर बांधाच्या उंचवट्यावर ते पडून राहते. दोनतीन कुत्री असली तर ती एकत्र निजत नाहीत. वेगवेगळ्या बाजू धरतात. उंचवट्यावरून दूरचे दिसते, वाऱ्यावरून वास येतो, आणि भोवती आडोसा नसल्याने चटकन उठून धावता येते. माणसाच्या कानास सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याच्या कानाची मर्यादा ४०,००० च्याही पुढे आहे. कोरड्या गवतातील पावलाची चाहूल त्यास निजेतही लागते.

या राखणीचे मोल मेंढपाळच जाणतो. माळरानात लांडगा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्यास संरक्षण दिले आहे व ते योग्यच आहे. त्याची संख्या थोडी उरली आहे. त्यास मारता येत नाही व मारू नये, तेव्हा कोकरांचे रक्षण करण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे चांगली वाघर आणि जागे कुत्रे. वाघरीबाहेरच्या उघड्या ढेकळांवर निजणाऱ्या कुत्र्यास दया म्हणून बिऱ्हाडात आणून बांधणारा नवखा मनुष्य आपल्याच कळपाचे दार उघडे टाकतो. वस्तीवरील कुत्रेही याच कारणाने उंबऱ्याबाहेर आडवे पडते. येणाऱ्याजाणाऱ्याने त्यास ओलांडावे लागते, घरातील माणसे त्याच्या कानाच्या टप्प्यात असतात आणि अंगण त्याच्या डोळ्यांसमोर असते. घरातल्या गृहिणीच्या पायात येते म्हणून त्यास शिव्या बसतात. तेथून हलविले तर ते दोन हात सरकते, त्याहून दूर जात नाही. कुत्रे मुळात टोळीने राहणारे जनावर असून ज्या माणसांना ते आपली टोळी समजते त्यांच्याजवळ निजणे ही त्याच्या स्वभावाची मागणी आहे.

निजण्यापूर्वी कुत्रे दोनतीन फेरे घेते, हे सर्वांनी पाहिलेले असते. चार्ल्स डार्विन या निसर्गशास्त्रज्ञाने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या, माणसांच्या व प्राण्यांच्या भावदर्शनावरील ग्रंथात या सवयीची नोंद आहे. घरातील गालिच्यावर निजतानाही कुत्रे गोल फिरते व पंजांनी ओरखडते. रानात राहणारे त्याचे पूर्वज गवत तुडवून, माती उकरून जागा करीत असावेत व ती सवय प्रयोजन संपले तरी टिकून राहिली असावी, असा त्याचा तर्क होता. लोणंदच्या माळावर तर ते प्रयोजन संपलेलेही नाही. फेरे घेताना काटा, खडा, विंचू असेल तर कळतो, आणि गवत दबते.

निजण्याच्या ढंगावरूनही थोडेफार कळते. पुढचे पाय समोर ठेवून, मान वर करून बसलेले कुत्रे विश्रांती घेत असते, झोपलेले नसते. कुशीवर सरळ पसरलेल्या कुत्र्यास गाढ झोप लागलेली असते. त्या झोपेत त्याचे पाय हलतात, पापण्या थरथरतात, ते दबक्या आवाजात भुंकतेही. तो फेफऱ्याचा झटका नव्हे. अशा कुत्र्यास मुलांनी अचानक हात लावू नये. दचकून जागे झालेले कुत्रे आपले माणूस ओळखण्यापूर्वीच चावते, आणि लहान मुलांना घरच्याच कुत्र्याचे चावे बसतात त्यांपैकी कित्येक अशा वेळचे असतात. दुरून नावाने हाक मारून उठवावे, ही गोष्ट शाळेत सांगण्याजोगी आहे.

सर्वच कुत्र्यांना कठीण जमीन मानवते असेही नाही. दक्षिण महाराष्ट्रात शिकारीसाठी पाळली जाणारी कारवान जातीची सडपातळ कुत्री अंगाने हाडकुळी व आखूड केसांची असतात. त्यांच्या हाडांवर मांसाची गादी नसते, म्हणून संधी मिळाली की ती बाजेवर चढतात. वजनदार कुत्र्याच्या कोपरांस कठीण फरशीवर घट्टे पडतात, केस जातात, कधी त्या जागी पाणी साचून गाठ येते. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखतात. गुळगुळीत फरशीवरून उठताना त्याचे मागचे पाय घसरतात. त्यास फरशीऐवजी मातीची जागा किंवा जाड पोते द्यावे. नुकतीच जन्मलेली पिल्ले पहिले काही आठवडे स्वतःचे तापमान राखू शकत नाहीत, म्हणून एकमेकांवर ढीग करून निजतात. व्यायला आलेली कुत्री आडोशाची, अंधारी जागा शोधून खळगा करते. तिला तेथेच राहू द्यावे आणि खाली कोरडे पोते सारावे. उघड्या फरशीवर, विशेषतः थंडीत, पिल्ले गारठून मरतात.

आता जमिनीकडे वळले पाहिजे; कारण कुत्रे जेथे निजते तेथे ते एकटेच निजत नाही. गोचिडी व पिसवा यांचे अर्धे आयुष्य कुत्र्याच्या अंगावर आणि अर्धे त्याच्या निजण्याच्या जागेत जाते. रक्त पिऊन फुगलेली गोचिडीची मादी गळून पडते, भिंतीच्या भेगेत किंवा दगडाच्या फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. पिसवांच्या अळ्या तर तेथील धुळीतच वाढतात. म्हणून कुत्र्याच्या अंगास औषध लावून निजण्याची जागा तशीच ठेवणे हे अर्धे काम होय. ती जागा दर आठवड्यास झाडावी, कचरा जाळावा, भेगा लिंपाव्यात, पोते उकळत्या पाण्यात घालून उन्हात वाळवावे. गोचिडीपासून कुत्र्यास रक्ताचे आजार होतात. अंगावर व जागेवर मारावयाचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच घ्यावे. पिकावर फवारण्याचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगास चोळण्याची खोड काही ठिकाणी आहे, तिने कुत्री मेली आहेत.

मेंढपाळाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब जंतांची आहे. मेंढी कापल्यावर तिचे यकृत, फुप्फुस किंवा डोके कच्चेच कुत्र्यापुढे टाकण्याची रीत आहे. त्या अवयवांत पाण्याचे फोड असतील तर त्यांतून कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात. पुढे कुत्र्याच्या विष्ठेतून त्यांची सूक्ष्म अंडी जमिनीवर पडतात, केसांस चिकटतात. कडब्याच्या गंजीवर, गव्हाणीत किंवा भाजीच्या वाफ्यात कुत्रे वावरत असेल तर ती चाऱ्यातून मेंढीच्या व भाजीतून माणसाच्या पोटात जातात. एका जातीच्या कृमीमुळे मेंढीच्या मेंदूत फोड होऊन ती एकाच दिशेस गोल फिरू लागते व अखेर मरते. दुसऱ्या जातीमुळे माणसाच्या यकृतात वा फुप्फुसात मोठी गाठ होते आणि शस्त्रक्रियेची पाळी येते. कच्चे अवयव कुत्र्यास न देता खोल पुरावेत, कुत्र्यास ठरलेल्या अंतराने जंताचे औषध पाजावे, गंजी व गव्हाण यांवर निजू देऊ नये, आणि कुत्र्यास हात लावल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. त्याची जागा गोठ्याबाहेर, पण गोठा दिसेल अशी असावी.

कुत्र्याची नेहमीची जागा माहीत असण्याचा खरा उपयोग ती बदलल्यावर होतो. ताप आलेले कुत्रे भर थंडीतही ओल्या मोरीत जाऊन पडते. पोटात दुखत असेल तर ते एका जागी टिकत नाही. बसते, उठते, पाठ कमानीसारखी करते. पाय मुरगळला असेल तर ओट्यावर चढणारे कुत्रे खालीच राहते. यांपैकी काहीही दिसले की दवाखान्यात दाखवावे. पण एक बदल असा आहे की त्यात एक दिवसाचाही उशीर करून चालत नाही.

पिसाळण्याच्या, म्हणजेच रेबीजच्या, रोगाची सुरुवात पुष्कळदा निजण्याच्या जागेपासून होते. उंबऱ्यावर पडणारे, माणसांत रमणारे कुत्रे एकाएकी बाजेखाली, कणगीमागे किंवा गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते व हाकेस येत नाही. किंवा याच्या उलट, सदा शांत असणारे कुत्रे अस्वस्थ होऊन घडोघडी जागा बदलते, नसलेल्या माशीवर झडप घालते, माती, लाकूड, चिंध्या चावते. आवाज घोगरा होतो. नंतर ते वाट फुटेल तिकडे धावत सुटते व समोर येईल त्यास चावते. काही कुत्री मात्र मुळीच पिसाट होत नाहीत. त्यांचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय लुळे पडतात आणि ती मुकाट पडून राहतात. हा मुका प्रकार अधिक फसवा आहे. घशात हाड अडकले असावे असे समजून घरातील कर्ता मनुष्य त्याच्या तोंडात हात घालतो, आणि लाळेतून रोग स्वतःकडे घेतो. पिसाळलेले कुत्रे पाण्यास भिते हा समजही घातक आहे. पाण्याची भीती हे रोगी माणसाचे लक्षण. कुत्रे पाण्याजवळ जाते, फक्त त्यास गिळता येत नाही. ते पाणी पिताना दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये.

रोगाची लक्षणे दिसू लागल्यानंतर कुत्रे साधारण दहा दिवसांच्या आत मरते. लक्षणांपूर्वी काही दिवस त्याच्या लाळेत विषाणू आलेले असतात. म्हणूनच चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवण्याची पद्धत आहे; परंतु ते दहा दिवस उलटेपर्यंत माणसाचा उपचार थांबवावयाचा नसतो. जखम झाल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही तीवर भरू नये, पट्टी आवळू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठून लस सुरू करावी. जखम खोल असेल, रक्त आले असेल किंवा कुत्र्याची लाळ ओठ, डोळे यांस लागली असेल तर लसीबरोबर जखमेत देण्याचे दुसरे औषधही लागते. ते डॉक्टर ठरवितात. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात हा धाक अजून खेड्यांतून आहे आणि त्यापायी माणसे मांत्रिकाकडे जातात. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती जुनी लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडात, आणि थोड्याच वेळा घ्यावयाची असते. ठरलेल्या सर्व तारखांना ती घेतली मात्र पाहिजे. लुई पाश्चर याने १८८५ च्या जुलैमध्ये एका मुलास प्रथम अशी लस टोचली, तेव्हापासून हा रोग वेळेवर टाळता येतो. एकदा लक्षणे दिसल्यावर मात्र आजही त्यावर उपाय नाही.

पिसाळलेले कुत्रे गाय, म्हैस वा मेंढीस चावले तर त्यांनाही हा रोग होतो. अशा जनावराची वार्ता दवाखान्यास द्यावी, त्याच्या तोंडात हात घालून औषध पाजू नये व दूध वापरू नये.

कुत्र्यास तीन महिन्यांच्या वयानंतर प्रतिबंधक लस टोचून, पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे पुन्हा टोचून घेतली आणि दरवर्षी तिची आठवण ठेवली, तर या साऱ्या भीतीचे मूळच नाहीसे होते. देशातील श्वानजन्य रेबीज २०३० पर्यंत संपविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ साली जाहीर झाला आहे. तो तडीस जावयाचा तर मोकाट कुत्र्यांबरोबर कळपाची कुत्रीही त्यात आली पाहिजेत, आणि नेमकी तीच सुटतात. दिवाळीच्या सुमारास या भागातील कित्येक कळप पश्चिमेस सरकतात, काही घाट उतरून कोकणात जातात व पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात त्यांची कुत्री अनेक गावांच्या शिवारात निजतात, तेथील कुत्र्यांशी झगडतात, कधी लांडग्याशीही. तेव्हा कळप हलण्यापूर्वी, मेंढ्यांच्या लसीकरणाच्याच दिवशी कुत्र्यांनाही लस देण्याची व्यवस्था ग्रामसेवकाने पशुधन पर्यवेक्षकाशी बोलून करावी. लस टोचल्याची नोंद असलेले कार्ड मेंढपाळाने शिधापत्रिकेच्या पिशवीतच ठेवावे. लस टोचल्यानंतर कुत्रे एखादा दिवस सुस्त राहते व सावलीत पडून असते. ही सुस्ती बहुधा दुसऱ्या दिवशी जाते. तिसऱ्या दिवशीही ते उठून आपल्या नेहमीच्या जागी गेले नाही, तर त्यास पुन्हा दवाखान्यात दाखवावे.